शेवग्यावरचं सुताराचं बिऱ्हाड

माझी शेवटची पोस्टिंग आमच्या अंगणात झाली. ऑर्डर कुणी काढली नव्हती. मीच मला ड्यूटी लावून घेतली आणि ती संपेपर्यंत जागा सोडली नाही.

सिग्नल्समधून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, त्याला दोन वर्षं झाली होती. आमचं गाव लोहा तालुक्यात. पुढे ओसरी, ओसरीपुढे मोठं अंगण, अंगणाच्या एका कडेला गोठा, आणि गोठ्याला लागून वडिलांनी लावलेला शेवगा. झाड जुनं. अर्धं हिरवं, अर्धं वाळलेलं. खोड माझ्या कवेत मावणार नाही एवढं जाड झालं होतं, पण शेवग्याचं लाकूड ते. मुळ्यासारखं ठिसूळ.

सैन्यात मी ऑपरेटर होतो. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि दूरच्या माणसाचा आवाज पकडायचा, हे माझं काम. त्यामुळे कान तिखट आहेत. माझी बायको सुमन म्हणते, एवढे तिखट कान, पण चुलीपासून हाक मारली की बरे बंद पडतात.

होळी होऊन गेली होती. सैन्य सुटलं तरी पहाटे उठायची खोड सुटलेली नाही. ओसरीवर चहा घेऊन बसलो होतो आणि शेवग्याकडून ठकठक ऐकू आली. थोडी ठकठक, मग थांबा, पुन्हा ठकठक. घाई नाही, पण काम अर्धवटही टाकायचं नाही, अशा माणसाचा हात. बघितलं तर सुतार पक्षी. सोनेरी पाठ, डोक्यावर लालभडक तुरा, शेपटी खोडाला टेकवून बसलेला, आणि चोचीनं साल उडवतोय.

जागा दाखवायची फौजेत एक रीत असते. आधी मोठी खूण सांगायची, मग घड्याळाचा काटा, मग नेमकी जागा. मी सुमनला त्याच रीतीनं सांगितलं, "समोर शेवगा. वाळलेली बाजू. आठ वाजता, फांदीच्या हातभर खाली. सुतार."

ती गोठ्यातून शेणाचे हात घेऊन आली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "गोठ्याच्या अंगाला साल निघालीय तिथं, असं सरळ सांगा की. सरकारनं पगार देऊन हेच शिकवलं का तुमाला?"

पण बघत उभी राहिली. हात वाळेपर्यंत बघत राहिली.

त्या दिवसापासून ओसरीचा कोपरा माझा ओपी झाला. ओपी म्हणजे लपून बघायची चौकी. एक खुर्ची, जुनी दुर्बीण, आणि दोरीवर एक पोतं, म्हणजे मी दिसू नये. नर आणि मादी आळीपाळीनं पोखरत होते. आत जाऊन चोचीत भुसा घेऊन यायचे आणि मान हलवून खाली टाकायचे. काही दिवसांनी भुसा बंद झाला आणि दोघांपैकी एक जण कायम आतच राहू लागला. मी ओळखलं, अंडी घातली.

मला त्यांची एक गोष्ट फार आवडली. सेन्ट्रीची बदली कशी करायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. नवा आल्याशिवाय जुना जागा सोडत नाही, हा आमचा पहिला नियम. इथंही तेच. बाहेरचा यायचा, खोडाला चिकटून हलकेच टोच मारायचा. आतून तशीच टोच यायची. मग आतला बाहेर आणि बाहेरचा आत. संध्याकाळी मात्र नर आत जायचा तो सकाळीच निघायचा. रात्रपाळी बापाकडे. मी सुमनला म्हणालो, "बघ, शिक जरा." ती म्हणाली, "कुनी शिकायचं? ज्योतीच्या टायमाला तुमी कुठं होता ते आठवा." मी दुर्बीण पुसायला घेतली.

ज्योती ही आमची लेक. मे महिन्यात तिचं लग्न ठरलेलं होतं. पाहुणे धर्माबादचे. मांडव आमच्याच अंगणात पडणार होता, कारण आमच्या घरच्या सगळ्या लेकी त्याच अंगणातून गेल्या.

एप्रिलच्या मध्यावर ढोलीतून घरघर ऐकू येऊ लागली. पिल्लं निघाली होती. आणि त्याच आठवड्यात दादा आले.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. घर शेजारीच. घरची जमीन मी नसताना त्यांनी सांभाळली, आई-वडिलांचं सगळं त्यांनी केलं. त्यामुळे त्यांचा शब्द मी सहसा मोडत नाही.

"माधव, कटरवाल्याला सांगितलं हाय. उद्या येईल."

"कशाला?"

"शेवगा काढाया. मांडवात वाळकं झाड ठेवतंय का कुनी? अन् तेबी शेवगा. दारात शेवगा नसावा म्हन्तेत. व्याही काय म्हनतील?"

"पिल्लं हायत त्यात."

"कशाची?"

"सुताराची."

दादा माझ्याकडे बघत राहिले. "लगीन आपल्या लेकीचं हाय का सुताराचं?"

त्यांचं चुकत नव्हतं. आदल्या वर्षी याच झाडाची फांदी गोठ्यावर पडून पत्रा वाकला होता. वाळलेल्या बाजूला एक चीर होती, बोट जाईल एवढी, आणि झाड गोठ्याकडे कललं होतं. अंगणात लेकरं खेळणार, बायका बसणार. हे सगळं मला दिसत होतं. पण ढोलीतली घरघरही ऐकू येत होती. एकदा ऐकलं की ऐकलं नाही असं मला म्हणता येत नाही. नोकरीच तशी केली आहे.

दुसऱ्या दिवशी कटरवाला मशीन घेऊन आला. मी बाज उचलली, शेवग्याच्या बुडाशी टाकली आणि तिच्यावर बसलो.

"उठा की, फौजी," तो म्हणाला.

"न्हाई."

दादा तरातरा आले. लोक जमले. गावात फुकटचा तमाशा कोण सोडतो? दादांचा चेहरा लाल झाला होता. चार लोकांत धाकट्या भावानं शब्द मोडला, हे त्यांना लागलं होतं. मलाही बरं वाटत नव्हतं. मी उठून त्यांना बाजूला घेतलं.

"दादा, मांडवाच्या आदल्या दिवसापतूर द्या. तवर उडून जातील. न्हाई गेली तर कटर मी सोता लावीन. शब्द हाय."

"अन् तवर वाऱ्यानं झाड पडलं, गोठ्यातली गाय मेली, मग?"

"पडनार न्हाई."

"तू काय देव हायस?"

"सिग्नलवाला हाय. जन्मभर खांब उभे ठेवायचंच काम केलंय."

दादांनी कटरवाल्याला गाडीभाडं देऊन परत पाठवलं. जाताना एवढंच म्हणाले, "शब्द ध्यानात ठेव." मग आठवडाभर ते आमच्या अंगणात आले नाहीत.

खांब उभा ठेवायचं काम मी केलं खरं, पण शिकलो दुसऱ्याकडून. त्याचं नाव नाईक बालाजी. चाकूर तालुक्यातला. आमच्या पोस्टवर तो लाइनमन होता. मी सेटवर आत बसायचो आणि तो बाहेरचं सगळं बघायचा, तारा, मास्ट, दोर. मास्ट म्हणजे अँटेनाचा उंच खांब. त्याला तीन बाजूंनी दोर ताणून मेखांना बांधतात, विजेच्या खांबाला ताण असतो तसे. बालाजी आपल्याकडचा, त्यामुळे सेट बंद असला की आम्ही दोघं मराठीत भांडायचो. ज्वारीची भाकरी चांगली की बाजरीची, यावर त्यानं माझ्याशी एकदा अबोला धरला होता. तो म्हणायचा, "हवालदार, दोर ताठ नको. दोर जागता पाहिजे. वाऱ्याला थोडं द्यायचं, वारा गेला की परत घ्यायचं. ताठ दोर तुटतो."

पोस्ट उत्तरेला होती, बर्फात. नाव सांगत नाही. एका जानेवारीत सकाळी पेट्रोलिंग पार्टी निघाली, नऊ जणांची. दुपारी हवा फिरली. पार्टीला खालच्या नाल्यानं परत यायचं होतं आणि नाल्यावर बर्फ सुटण्याची खबर आली. त्यांना थांबवायचं होतं. त्याच वेळी मास्टच्या एका दोराची मेख बर्फातून निघाली आणि मास्ट डुलायला लागला. आवाज तुटक येऊ लागला. बालाजी बाहेर गेला. दुसरी मेख ठोकायला वेळ नव्हता. त्यानं दोर पाठीवरून घेतला, पाय दगडाला लावले आणि धरून बसला.

"अल्फा फॉर ब्राव्हो. नाल्यात उतरू नका. आहात तिथंच थांबा. ओव्हर."

मी सेटवरून पार्टीला सांगत होतो. पहिल्यांदा उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा नाही. बाहेरून बालाजी ओरडला, "हवालदार, बोला! खांब सरळ हाय!" मी पुन्हा बोललो.

"ब्राव्हो फॉर अल्फा. रॉजर. थांबलो. ओव्हर."

रॉजर म्हणजे निरोप पोचला. त्यानंतर थोड्याच वेळात वरच्या कड्यावरचं बर्फ सुटलं आणि मास्टसकट त्याला घेऊन गेलं. संध्याकाळी सापडला. दोर त्याच्या हातातच होता. पार्टीतले नऊही दुसऱ्या दिवशी परत आले.

त्याची आई चाकूरकडे असते. दरवर्षी जानेवारीत मी तिला भेटून येतो. ती मला जेवायला वाढते, जनावरांचं, पिकाचं विचारते. तो कसा गेला हे तिनं कधी विचारलं नाही. ड्यूटीवर गेला, एवढं मी पहिल्या वेळीच सांगितलं होतं. पुढं आम्ही दोघंही त्या वाटेला गेलो नाही.

तर शेवग्याला मी बालाजीच्या रीतीनं ताण दिले. नर-मादी दोघंही बाहेर असलेली वेळ साधली, शिडी लावली, चिरेच्या वर आणि ढोलीच्या खाली दोर बांधले. साल कापू नये म्हणून आत गोणपाट. तीन दिशांना तीन दोर, विहिरीवरच्या जुन्या सोलाचे, म्हणजे मोटेच्या जाड दोराचे, आणि तीन लोखंडी मेखा. मादी परत आली, दोरांकडे मान वाकडी करून बघितली आणि आत गेली. माझं काम पास झालं.

पण सैनिकाला एक काम पुरं झालं की दुसरं सुचतं. ताणाच्या दोराला येणारा-जाणारा अडखळू नये म्हणून कॅम्पात त्याला पांढऱ्या पट्ट्या बांधतात. सक्त नियम. अंगणात लग्नाची माणसं ये-जा करत होती. मी माझं जुनं धोतर फाडलं आणि तिन्ही दोरांना हात-हातभर अंतरावर पट्ट्या बांधल्या. वाऱ्यावर छान फडफडत होत्या. लांबून दिसायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर ढोलीतून उडाला तो परत येईना. मादी गोठ्यामागच्या कडुलिंबावर बसून ओरडत होती, पण झाडाजवळ येत नव्हती. ऊन चढलं. ढोलीतली घरघर आधी वाढली, मग बारीक होत गेली. मला वाटलं पाखरं मारणारा शिकरा आला असणार. काठी घेऊन आभाळाकडे बघत बसलो. शिकरा काही दिसेना. दुपार झाली. पिल्लं आत उपाशी होती आणि मी काठी घेऊन पहारा देत होतो.

सुमन रानातून आली. डोक्यावरचं गवत टाकलं आणि दोरांकडे बघितलं.

"हे कधी बांधलं?"

"काल."

"ज्वारी हुरड्यात आली की पाखरं येऊ न्हाईत म्हनून आपन काय बांधतो हो रानात?"

"चिंध्या," मी म्हणालो. म्हणालो आणि पट्ट्यांकडे बघितलं.

"मग?"

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो. लहानपणी ज्वारीत अशाच चिंध्या माझ्या हातानं बांधल्या. आणि फौजेचा नियम पाळता पाळता तेच विसरलो. सुमन आधी हसली, मग चिडली, "लेकरं उपाशी मारून राहिलेत, अन् वर काठी घेऊन बसलेत!" मी धावतच पट्ट्या कापल्या. शेवटची पट्टी माझ्या हातात होती तेव्हाच मादी डोक्यावरून गेली आणि ढोलीला चिकटली. अडखळायला नको म्हणून मग प्रत्येक दोराखाली विटा रचल्या. सुमननं ही गोष्ट ज्योतीच्या सासरपर्यंत पोचवली, हे वेगळं सांगायला नको.

एप्रिल संपता संपता ऊन फार झालं. त्या दिवशी दुपारनंतर वारा पडला, पानही हलेना. मग पश्चिमेकडून काळं आभाळ चढलं. धूळ आली, तिच्यामागं पाऊस, पावसात गारा. पत्र्यावर एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मी ओसरीच्या कडेला उभा राहून शेवग्याकडे बघत होतो. वारा झाडाला गोठ्याकडे ढकलत होता. पश्चिमेचा दोर धनुष्याच्या दोरीसारखा ताणला गेला होता. बाकीचे दोन सैल. म्हणजे सगळं वजन एका मेखेवर.

ढोलीत मादी होती. आभाळ येताना तिला आत जाताना मी बघितलं होतं. ती बाहेर पडली नव्हती.

आमची जमीन काळी. कोरडी असली की पहार लागत नाही, भिजली की कालवलेल्या पिठासारखी होते. हे मला ठाऊक होतं आणि म्हणून मेखा खोल ठोकल्या होत्या. पण एवढा पाऊस मी धरला नव्हता. मेख हळूहळू वाकली, मग भोवतालच्या चिखलासकट वर आली.

मी पळालो. दोराचं टोक मेखेसकट घसरत चाललं होतं, ते धरलं. पाठीवरून फिरवलं, खाली बसलो आणि दोन्ही पाय गुरांच्या हौदाच्या कट्ट्याला लावले. पहिला झटका आला तेव्हा दोर तळहातातून वीतभर सरकला. कातडी गेली. आग झाली एवढं कळलं.

"सोडा!" सुमन ओसरीवरून ओरडली. "पडू द्या झाड! सोडा!"

"गाय काढ!" मी ओरडलो. "आधी गाय काढ!"

तिनं गोठ्यात जाऊन गाय सोडली. गाय अंगणातून उधळत गेली. मग सुमन माझ्यामागं येऊन बसली आणि पदर हाताला गुंडाळून दोर धरला. गारा आमच्या डोक्यावर पडत होत्या. झाड कलायचं, करकरायचं, थांबायचं. दोघांचं वजन पुरेना. चीर उघडताना मला दिसत होती.

तेवढ्यात डोक्यावर पोतं घेऊन दादा धावत आले. गोठ्याचं काय झालं ते बघायला आले होते. आम्हाला बघून जागीच थांबले.

"माधव, याडा झालास का? सोड ते!"

"दादा, नंतर बोला. धरा!"

घरात थोरल्या भावाला मी कधी हुकूम दिला नव्हता. तो दिला. दादांनी पोतं टाकलं आणि सुमनच्या मागं दोर धरला.

"झडप आली की थोडं द्या!" मी ओरडत होतो. "गेली की वढा! ताठ धरू नका! दोर जागता ठेवा!"

आवाज माझा होता, शब्द बालाजीचे. ते तोंडातून आपोआप निघत होते. तळहात पेटले होते. एकदा मनात आलं की सोडावं. खोटं सांगत नाही. पाखरंच आहेत, असंही मनात आलं. मग वाटलं, तोही असाच बसला होता, आणि त्याच्या मागं धरायला कुणी नव्हतं. मी पाय आणखी रेटले.

पाऊस किती वेळ चालला ते मी मोजलं नाही. थांबला तेव्हा एकदम थांबला. झाड उभं होतं. दादांनी दुसरी मेख ठोकली, तिच्यावर हौदाजवळचा दगड लोटला, आणि मग मी दोर सोडला. बोटं सरळ होईनात. सुमननं एकेक बोट धरून उघडलं.

दादा शेवग्याजवळ गेले. बुडाशी गारांचा खच पडला होता. त्यांनी ओल्या खोडाला कान लावला आणि तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळले. चेहरा पावसानं भिजलेला नसता तर मी म्हणालो असतो की त्यांचे डोळे ओले होते.

"बोलून राहिलेत की रे," ते म्हणाले. "आत बोलून राहिलेत."

पुढचे दिवस दादा रोज सकाळी माझ्या ओपीवर चहाला यायचे. एक पिल्लू ढोलीच्या तोंडाशी डोकं काढून बसू लागलं आणि एका सकाळी उडून लिंबावर गेलं. दुसरं हटेना. आई-बाप समोर खाऊ घेऊन बसायचे, जवळ आणून द्यायचे नाहीत, नुसते बोलवायचे. पिल्लू मान बाहेर काढून ओरडायचं आणि पुन्हा आत. असं करता करता मांडवाचा आदला दिवस उजाडला. कटरवाला मशीन घेऊन अंगणात हजर. दादांनी नाही, मीच बोलावलं होतं. शब्द दिला होता.

पिल्लू ढोलीच्या तोंडाशी बसलं होतं. मी कटरवाल्याकडे बघितलं, दादांकडे बघितलं. "लावा," म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा पिल्लाकडे बघितलं.

दादा कटरवाल्याला म्हणाले, "बस. च्या घे. काय घाई हाय?"

चहा झाला. दादांनी आणखी एक मागवला. कटरवाला म्हणाला, मला दुसरीकडं जायचं हाय. दादा म्हणाले, चिवडा घे. चिवडा संपत आला आणि पिल्लू निघालं. आधी खाली आलं, आता पडतंय असं वाटलं, मग पंख लागले आणि वेडंवाकडं उडत गोठ्यावरून लिंबावर जाऊन आदळलं. चारी पाखरं एकदम ओरडायला लागली. मीही ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सुमन म्हणते, "रॉजर."

कटरवाल्यानं मशीन चालू केलं. दादा झाडाजवळ गेले, वर बघितलं. "वरच्या फांद्या उतरव. ढोलीपतूरच. खाली राहू दे."

"दारात शेवगा नसावा म्हनत होता की," सुमन म्हणाली.

"आता कुठं शेवगा हाय? आता सुताराचं घर हाय ते," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मांडव पडला, त्याच्या पुढच्या दिवशी लग्न लागलं. बालाजीची आई आली होती. तिला आणायला मी चाकूरला गाडी पाठवली होती. वऱ्हाड जेवून उठलं, गर्दी थोडी पांगली, तशी ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली. सुमननं तिला शेवग्याची सगळी कथा सांगितली, चिंध्यांपासून. म्हातारी हसत होती. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाली, "माधवा, बस इथं. हात दाव."

मी तळहात पुढं केले. कातडी नवी आली होती, गुलाबी. मधोमध दोराचा पट्टा. तिनं त्यावरून बोट फिरवलं. आता ती हसत नव्हती.

"त्याची पेटी उघडू दिली न्हाई मला," ती म्हणाली. "तोंडबी बघितलं न्हाई अन् हातबी न्हाई."

मी हात तसेच पुढं धरले.

"त्याच्याबी हातात दोर होता म्हन्तेत. खरं हाय?"

"हाव, माय."

"असाच धरला होता?"

"असाच. माझ्यामागं दोघं होते. त्याच्यामागं कुनी नव्हतं."

ती माझे हात धरून बसून राहिली. अंगणात कुणीतरी भांडी गोळा करत होतं. मग ती म्हणाली, "मग लई दुखलं असंल रे त्याला."

इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल लोकांनी खूप काही चांगलं बोललेलं मी ऐकलं. हे कुणी म्हणालं नव्हतं. मी म्हणालो, "दुखलं असंल, माय. पर सोडला न्हाई. त्याच्या दोरावर नऊ मानसं होती. नऊबी घरला गेली."

तिनं मान हलवली. पदरानं माझे दोन्ही तळहात पुसले, लेकराचे पुसावेत तसे. मग काठी टेकत उठली, अंगण ओलांडून शेवग्याच्या खोडापाशी गेली आणि पश्चिमेचा दोर हातात धरून बघितला.

"ह्यो सोडू नको," ती म्हणाली.

झाडाला आता ताणाची गरज नाही. वरचं सगळं उतरवलं आहे, खोड घट्ट उभं आहे. बाकीचे दोन दोर मी काढून ठेवले. पश्चिमेचा तसाच आहे. पावसाळ्यात भिजून आखडतो, उन्हाळ्यात सैल होतो, तेव्हा मी थोडा घेतो, थोडा देतो. येणारे-जाणारे विचारतात, हा कशाला बांधलाय? मी सांगतो, नाईक बालाजीचा आहे. लाइनमन, चाकूर तालुका.